ठरलेलं वाक्य

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या प्राचार्या डॉ. आभा क्षेमकल्याणी मॅडम, एवढ्या उन्हात नामपूरहून आलेले आपले प्रमुख पाहुणे आणि माजी प्राचार्य हिरामण देवरे सर, व्यासपीठावरचे संस्थेचे सन्माननीय विश्वस्त, माझे सहकारी प्राध्यापक, कार्यालयातले आणि ग्रंथालयातले बंधुभगिनी, मागे पंख्याखालच्या जागा पकडून बसलेले विद्यार्थी, आणि पहिल्या रांगेतून 'थोडक्यात आवरा' अशी खूण आत्ताच करून झालेल्या आमच्या सौभाग्यवती गोदावरीबाई, आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, मानपत्र वाचलंत. ते ऐकताना मी दोनदा मागं वळून पाहिलं, की बाबा, हे चाललंय तरी कुणाबद्दल? 'तत्त्व जगलेला प्राध्यापक' असं एक वाक्य त्यात आहे. ज्यांनी लिहिलं त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण त्या वाक्यामुळे आज माझी पंचाईत झाली आहे. मी दुसरंच भाषण तयार करून आणलं होतं, गमतीजमतींचं. ते खिशात आहे आणि खिशातच राहील.

एकतीस वर्षं मी इथं तत्त्वज्ञान शिकवलं. येत्या जूनपासून हा विषय आपल्या महाविद्यालयात नसेल. गेल्या वर्षी पहिल्या वर्षाला विद्यार्थी किती होते, ठाऊक आहे? चार. त्यातल्या दोघांना अर्थशास्त्राला जागा मिळाली नव्हती म्हणून. तेव्हा आज खरं तर दोन निरोप समारंभ आहेत, शाल फक्त एकालाच मिळाली. मला याचं वाईट वाटतं का? वाटायला हवं होतं. पण खरं सांगतो, मला हायसं वाटलं. ते का वाटलं, तेवढंच सांगून खाली बसणार आहे.

मुलं मला पहिल्याच आठवड्यात विचारायची, "सर, ह्याचा उपयोग काय?" माझं उत्तर पाठ होतं. मी सांगायचो, नीतीचा विचार करणारी माणसं तीन प्रकारची. एक म्हणतात नियम पाळा. दुसरे म्हणतात परिणाम बघा, जास्तीत जास्त लोकांचं भलं होईल ते करा. आणि तिसरे, माझे लाडके, म्हणतात, अरे, आधी माणूस बना. सचोटी, धैर्य, न्यायबुद्धी, संयम हे अंगात मुरवा. मग प्रसंग आला की नियमांचं पुस्तक उघडावं लागत नाही. चांगला माणूस इथं काय करेल, एवढं स्वतःला विचारा. योग्य गोष्ट, योग्य माणसापाशी, योग्य वेळी, योग्य प्रमाणात. हे मी फळ्यावर लिहायचो आणि खाली दोन रेघा मारायचो. खोटं एकदा लिहिलं की हाताला तेच वळण लागतं, हे माझं आवडतं वाक्य होतं. ते म्हटल्यावर मी क्षणभर थांबायचो, म्हणजे मुलांना उतरवून घेता यावं.

दोन हजार अकरा सालच्या एप्रिलची गोष्ट. सरिता भोये नावाची मुलगी पहिल्या वर्षाला होती. पेठच्या पुढे, रस्ता संपतो तिथून आत तिचा पाडा. नाशिकला वसतिगृहात राहायची. वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची, बोलायची कमी, पण तिचं ऐकणं असं असायचं की शिकवणाऱ्याला नीट शिकवावंसं वाटावं. एकदा तिनं विचारलं होतं, "सर, चांगलं माणूस काय करील हे इचारायचं म्हणता, पण आपुन चांगलं नसलो तर कळंल कसं?" वर्ग हसला. मी म्हणालो, "छान प्रश्न आहे, पुढच्या तासाला घेऊ." पुढच्या तासाला मी तो घेतला नाही. मला त्याचं उत्तर येत नव्हतं, आणि आजही येत नाही.

नीतिशास्त्राचा पेपर होता. माझाच. पहिल्या अर्ध्या तासात तपासणी पथक आलं आणि सरिताच्या कंपासपेटीत घडी घातलेली चिठ्ठी सापडली. चिठ्ठीवर काय होतं? धैर्याची व्याख्या! भित्रेपणा आणि आततायीपणा यांच्या मधली वाट. माझ्याच नोट्समधली, शब्द न् शब्द. हसू नका, मुलांनो. मीही तेव्हा हसलो होतो.

आता आपल्याकडची एक रीत सांगायला हवी, बाहेरच्या पाहुण्यांसाठी. पहिल्या वर्षाची परीक्षा महाविद्यालयच घ्यायचं, आणि कॉपीच्या प्रकरणांचा निकालही इथंच लागायचा. पकडलेल्या मुलाला परीक्षा विभागात नेऊन एक छापील नमुना द्यायचा. त्यावर त्यानं स्वतःच्या अक्षरात कबुलीजबाब लिहायचा. आणि काय लिहायचं ते ठरलेलं होतं. 'सदर चिठ्ठी माझी नसून मला बाकाखाली पडलेली आढळली.' बस. कोरा नमुना पुढे सरकवता सरकवताच हे वाक्य सांगितलं जायचं. शिक्षकांना ठाऊक, शिपायांना ठाऊक, समितीलाही ठाऊक. असं लिहिलं की तो एक पेपर रद्द. मूल पुढच्या वर्गात जायचं, राहिलेला विषय नंतर सोडवायचं. पण 'चिठ्ठी माझी, मी आणली' अशी लेखी कबुली दिली, तर कलम बदलायचं. सगळे पेपर रद्द, वर पुढच्या परीक्षांना बसायला बंदी.

परीक्षा विभागात तेव्हा सावळीराम शिपाई होते. आहेत इथं, दाराजवळ उभे. बसा हो सावळीराम, आज तरी बसा. त्या दिवशी आठ मुलं पकडली गेली होती. सावळीरामांनी आठही जणांना ते वाक्य सांगितलं. सात जणांनी लिहिलं. सरितानं लिहिलं नाही.

सावळीराम मला बोलवायला आले. म्हणाले, "सर, ती भोयेची पोरगी ऐकत नाय. तुमचं ऐकंल. चला, दोन मिनिटं समजवा तिला."

मी गेलो. ती नमुन्यापुढे बसली होती. मला पाहून उठली. म्हणाली, "सर, चिठ्ठी माझीच हाय. मी उघडली नाय, पण आणली होती. बाकाखाली सापडली असं कसं लिहू? तुम्हीच सांगितलं ना, हाताला वळण लागतं."

सभागृहातल्या माझ्या प्राध्यापक बंधूंनो, तुमचं वाक्य असं कुणी तुम्हाला परत केलंय का कधी? माझी छाती फुगली हो! वाटलं, इतक्या वर्षांत एकीला तरी कळलं. मी तिला एवढंच म्हणालो, "तुझ्या मनाला पटेल ते कर." आणि बाहेर आलो. सावळीराम मागं धावत आले, "अहो सर, असं काय करता? मुलीचं वर्ष जाईल." मी त्यांना म्हणालो, तेही जरा चढ्या आवाजात, "सावळीराम, मी तिला खोटं लिहायला सांगू?" ते परत परीक्षा विभागात गेले.

तिनं लिहिलं. मला ते पाठ आहे. 'चिठ्ठी माझी आहे. मी ती उघडली नाही. पण भीती वाटली तर उघडीन म्हणून आणली होती. चूक माझी आहे.' खाली सही. इतकं स्वच्छ मराठी गद्य मी माझ्या प्रबंधात एकाही पानावर लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी समिती बसली. आम्ही चौघं. देवरे सर अध्यक्ष होते, आज ते माझ्या शेजारी बसलेत आणि हे मी त्यांना विचारून बोलतो आहे. सात प्रकरणं दहा मिनिटांत उरकली. चहा आला. मग सरिताचा कागद. नियमाप्रमाणे तीन परीक्षांची बंदी. देवरे सर मनानं मोकळे, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या बागलाणी बोलीत विचारलं, "गायधनी सर, तुम्हीच सांगा, काय करानं?" शेजारून कुणीतरी म्हणालं, "सरांचाच विषय, सरांचीच विद्यार्थिनी. सर बोलले तर पक्षपात होईल."

माझ्या मनात काय काय होतं ते सांगतो. मला वाटत होतं की उठावं आणि म्हणावं, सात खोटी वाक्यं आपण चहाबरोबर गिळली, आणि एक खरं वाक्य आलं तर त्यालाच शिक्षा? मला वाटत होतं की नियम तसा असेल तर मी सही करणार नाही. ते म्हणायला अर्धं मिनिट लागलं असतं. देवरे सरांनी कदाचित ऐकलंही असतं. परवा फोनवर ते मला तसं म्हणाले. "तुम्ही बोलले असते तर मी थांबलो असतो हो," म्हणाले.

पण मी काय बोललो? मी म्हणालो, "तीन जास्त होतात. दोन करू."

देवरे सर हसून म्हणाले, "वा! गायधनी सर म्हणजे मध्यम मार्ग!" सगळे हसले. आणि मीही हसलो, हसत हसतच आदेशावर सही केली. त्या हसण्याची मला आज चौदा वर्षं लाज वाटते आहे. शिक्षेची वाटत नाही इतकी त्या हसण्याची वाटते.

घरी आलो आणि शांत झोपलो. कारण मला लोक काय म्हणतील याची भीती वाटली होती, आणि त्या भीतीला द्यायला माझ्याजवळ एकाहून एक सरस नावं होती. मी तिला संयम म्हटलं. निःपक्षपातीपणा म्हटलं. विवेक म्हटलं. साधा माणूस घाबरला तर घाबरलो म्हणतो आणि मोकळा होतो. मी शिकलेला, माझ्याजवळ अख्खा शब्दकोश! विचारत होतात ना, उपयोग काय? हा उपयोग, आणि म्हणूनच विषय बंद होताना हायसं वाटलं. सद्गुणांची नावं ज्याला पाठ असतात, त्याला स्वतःचा दुर्गुण कधी उघडा पाहावा लागत नाही.

एक परीक्षा असो, दोन असोत की तीन, सरिताच्या बाबतीत फरक शून्य होता. वर्ष गेलं की वसतिगृहातली जागा जाते. जागा गेली की नाशिकला राहायचं कुठं? जूनमध्ये हजेरी घेताना मी तिचं नाव वाचलं, कुणी 'ओ' दिली नाही. तेव्हा सावळीरामांना विचारलं. ते म्हणाले, "तिची आई फुलाबाई आली होती ना, सामान न्यायला. पत्र्याची पेटी घेऊन गेल्या दोघी. मी तेव्हाच म्हणत होतो सर, वर्ष गेलं तर हॉस्टेल जाईल पोरीचं." मी वर्षभर फळ्यावर लिहीत होतो की शहाणपण म्हणजे समोरच्या माणसाची नेमकी परिस्थिती दिसणं. ती कुठं राहते हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. सावळीरामांनी विचारलं होतं. ते प्रत्येक मुलाला विचारायचे, गाव कुठलं, राहतो कुठं, डबा कुणाचा.

मग चांगला माणूस कोण? खोटं वाक्य सांगणारे सावळीराम? तसं म्हणवत नाही. खरं लिही असं न सांगता खरं लिहू देणारा मी? तसं तर मुळीच म्हणवत नाही. मी ही गोष्ट चौदा वर्षं सगळ्या बाजूंनी घोळवली. सरितानं खोटं लिहायला हवं होतं का? मन 'हो' म्हणत नाही. लिहायला नको होतं का? तेही म्हणत नाही. पण एक कळतं. तिनं तिच्या वाटणीचं सगळं केलं होतं. पुढचं आमच्या वाटणीचं होतं. एकाच्या सचोटीला दुसऱ्याच्या न्यायबुद्धीची जोड लागते, नाहीतर ती सचोटी त्या माणसालाच चिरडून टाकते. हे मी कधी शिकवलं नाही. माझ्या नोट्समधला तो चांगला माणूस नेहमी एकटाच असायचा.

त्या सातांपैकी एक जण आज एका शाळेत मुख्याध्यापक आहे. प्रार्थनेनंतर मुलांना सचोटीवर फार छान बोलतो, असं ऐकतो.

गेल्या फेब्रुवारीतली सकाळ. मी पंचवटीत राहतो, भाजी घेऊन परतताना पेठ नाक्यावरून येतो. द्राक्षाच्या हंगामात तिथं पेठ-सुरगाण्याकडून आलेली माणसं कामाला जाण्यासाठी गाडीची वाट पाहत उभी असतात. त्या घोळक्यातून एक बाई पुढे आली. डोक्याला रुमाल बांधलेला, हातात भाकरीचं फडकं.

"सर, वळखलं का? मी सरिता. भोये."

मी ओळखलं नव्हतं. ओळखल्याचा आव आणला, आणि मग खरंच ओळखलं. माझ्या हातातली पिशवी तिनं खाली ठेवायला लावली, म्हणाली, "जड दिसतीया." चौदा वर्षं मनात जे घोकलं होतं ते सगळं एकदम ओठांवर आलं. मी म्हणालो, "सरिता, मला माफ कर. मी त्या दिवशी बोलायला हवं होतं."

ती म्हणाली, "जाऊ द्या ना सर. लय दिवस झालं."

रागावली असती तर बरं झालं असतं. ती माझी समजूत घालत होती. मग तिनं विचारलं, "अजून तेच शिकवता का, सर? योग्य माणसापाशी, योग्य वेळी?" चौदा वर्षांनी तिला ते पाठ होतं. मी म्हणालो, "हो. आता बंद होणार आहे."

तेवढ्यात गाडी आली. बायका मागच्या फळीला धरून चढायला लागल्या. सरितानं फडकं कमरेला खोचलं आणि जाता जाता म्हणाली, "माझी पोर पाचवीला हाय. तिच्या हातून शाळंतली काच फुटली. मला इचारत होती, आई, सरांना खरं सांगू का? मी तिला सांगितलं, पहिलं बघ समोर कोण बसलंय. मंगच तोंड उघड."

गाडी निघून गेली. मी पिशवी घेऊन तिथंच उभा राहिलो.

सद्गुण आईकडून मुलीकडे जातो, सवयीनं मुरतो, हे मी एकतीस वर्षं सांगत आलो. फुलाबाईंनी सरिताला खरं बोलायला शिकवलं असणार, ते काही माझ्या नोट्समधून आलं नव्हतं. आणि सरितानं तिच्या मुलीला हे शिकवलं. एका घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट तिथं थांबली. आणि त्या पोरीला आईनं जे सांगितलं त्यात एक शब्दही चुकीचा नाही. समोर कोण बसलंय ते बघायलाच हवं. सरिताच्या समोर मी बसलो होतो.

आता थोडं कामाचं. मॅडम, आपण मघाशी माझ्या नावानं 'सदाचार पारितोषिक' जाहीर केलंत. आपला मान राखून मी ते नाकारतो. कृपा करून आग्रह करू नका. दुसरं, काल मी परीक्षा विभागातून कबुलीजबाबाचा एक कोरा नमुना मागून घेतला. चौदा वर्षांत त्यात सुधारणा झाली आहे. आता ते बाकाखालचं वाक्य त्यावर छापूनच येतं, मुलांनी फक्त खूण करायची. मी ते खोडलं आणि खाली माझ्या अक्षरात लिहिलं. वाचतो.

'सही माझी आहे. शिक्षा चुकीची आहे हे मला सही करताना माहीत होतं. लोक काय म्हणतील या भीतीनं मी गप्प बसलो, आणि त्या गप्प बसण्याला न्याय म्हटलं. चूक माझी आहे.'

हा कागद मी आपल्या हवाली करतो. सरिताच्या कागदाच्या मागं फाईलला लावा. यानं तिला काय मिळणार? काही नाही. तिला कळणारही नाही, आणि कळलं तरी उद्या सकाळी ती नाक्यावर उभी असेलच. मलाही यानं बरं वाटेल असं वाटलं होतं, तेही वाटत नाहीये. तिनं एकोणिसाव्या वर्षी, एका दुपारी, कुणाचा आधार नसताना जे लिहिलं, ते लिहायला मला साठी गाठावी लागली, आणि तेही शाल खांद्यावर पडल्यावर, जेव्हा माझं कुणी काही बिघडवू शकत नाही.

गोदावरीबाई पुन्हा खूण करताहेत, त्यांचं बरोबर आहे. आपण सर्व वेळात वेळ काढून आलात, सावळीरामांनी दाराशी उभं राहून सगळं ऐकलं, देवरे सरांनी मला बोलू दिलं, मी आपला ऋणी आहे. अशा भाषणाच्या शेवटीही एक ठरलेलं वाक्य असतं, बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला म्हणून. बोलणं लांबलं, त्याबद्दल मला जरूर क्षमा करा. त्या दिवशी बोललो नाही, त्याची क्षमा आपल्याकडे मागत नाही. ती देणं आपल्या हातात नाही.

नमस्कार.